जुना क्लिप्श ला स्काला पुन्हा बोलता करताना

१९६३ साली अमेरिकन अभियंते पॉल क्लिप्श यांनी आर्कान्सॉ राज्यातल्या होप या गावी ला स्काला हा स्पीकर तयार केला, तो दिवाणखान्यासाठी नव्हे. विन्थ्रॉप रॉकफेलर गव्हर्नरपदाच्या निवडणुकीत उतरणार होते. त्यांच्या प्रचारसभांत लहान अँप्लिफायरवरही मागच्या रांगेपर्यंत शब्द स्वच्छ पोचवणारा स्पीकर हवा होता. सभेचा तो स्पीकर पुढे घरांत गेला आणि तिथेच रमला. आज अमेरिकेत राहणाऱ्या मराठी मंडळींना जुन्या सामानाच्या जाहिरातींत १९७०च्या दशकातल्या जोड्या अधूनमधून दिसतात. बहुतेकींची रड सारखीच असते: आवाज कोंडलेला, एक बाजू मंद, तीव्र स्वर देणारा ट्वीटर मुका. यातलं जवळजवळ सगळं घरी, साध्या हत्यारांनी दुरुस्त होतं.

पुढचं सगळं त्या काळातल्या, टाइप एए क्रॉसओव्हर (खालचे, मधले, वरचे स्वर वेगळे करून वाटून देणारं सर्किट) असलेल्या ला स्कालाबद्दल आहे. क्लिप्शहॉर्न आणि बेल या क्लिप्शच्याच दुसऱ्या स्पीकरांच्या वरच्या भागालाही त्यातलं बरंचसं लागू पडतं.

या पेटीत तीन हॉर्न, म्हणजे कर्णे, आहेत. खाली खर्जाचा १५ इंची वूफर (के-३३-ई) पेटीच्या पोटात दडलेला आहे. तो ३ इंच रुंद आणि १३ इंच उंच फटीतून घडी घातलेल्या हॉर्नमध्ये हवा ढकलतो. वर मधल्या स्वरांचा (मिडरेंज) के-४०० हा ॲल्युमिनियमचा ओतीव हॉर्न आणि त्याच्या घशाला आवाज निर्माण करणारा के-५५-व्ही ड्रायव्हर, आणि त्याच्या जोडीला के-७७ हॉर्न ट्वीटर. वूफरकडून मिडरेंजकडे सूत्रं ४०० हर्ट्झला जातात, तिथून ट्वीटरकडे ६,००० हर्ट्झला. एका वॅटला एका मीटरवर १०४ डेसिबल आवाज निघतो. साधा घरगुती स्पीकर ८७-८८ डेसिबल देतो. म्हणजे तेवढ्याच आवाजाला ला स्कालाला चाळिसावा हिस्सा वीज पुरते. हॉर्नमुळे वूफरच्या कोनाला, म्हणजे शंकूसारख्या पडद्याला, हवेची पकड मिळते, त्यामुळे तो जेमतेम हलतो. कोन जितका कमी हलतो तितकी विकृती कमी, हे क्लिप्श आयुष्यभर सांगत राहिले.

कामाचा क्रमही यातूनच ठरतो. आधी हवा कुठून गळते ते बघा, मग कपॅसिटर, मग खोली. महागडी वायर, नवे ड्रायव्हर, क्रॉसओव्हरची नवी रचना हे सगळं त्यानंतर. बहुतेक जोड्यांना त्याची गरजच पडत नाही.

घेण्याआधी काय बघाल

जाताना सोबत एक छोटा अँप्लिफायर, टोन जनरेटरचं अॅप टाकलेला मोबाइल, मल्टीमीटर आणि टॉर्च घ्या. आधी स्पीकरची पाठ बघा. दोन्हींचे अनुक्रमांक लागोपाठचे असतील तर जोडी कारखान्यातून एकत्र निघालेली आहे. मग वरच्या भागात टॉर्च मारून ड्रायव्हरवरचे शिक्के वाचा. के-५५-व्हीच्या जागी कुठल्या तरी सार्वजनिक भोंग्याचं युनिट बसवलेलं आढळलं तर किंमत तशी पाडून मागा. के-५५-व्ही हाही मुळात ॲटलस या कर्णे बनवणाऱ्या कंपनीचाच ड्रायव्हर, जत्रेतल्या कर्ण्याच्या युनिटचा सख्खा चुलतभाऊ. पण म्हणून आटे जुळतात तेवढ्यावर कुठलंही युनिट चालत नाही. भाषणापुरती केलेली बरीचशी युनिटं ५,००० हर्ट्झच्या आधीच मान टाकतात आणि ट्वीटरपर्यंतच्या मधल्या पट्ट्यात आवाज पोकळ होतो.

अगदी हळू आवाजात गाणं लावून एकेका हॉर्नजवळ कान न्या. तिन्हींतून काही ना काही आलं पाहिजे. गाण्यात ट्वीटर ओळखू येत नसेल तर ८,००० हर्ट्झचा टोन द्या. हे सगळं अँप्लिफायरचा नॉब तळाशी ठेवूनच करा. १०४ डेसिबलच्या स्पीकरवर चुकून मोठा टोन गेला तर ट्वीटर तिथेच संपतो.

पेटी १९ मिलिमीटर बर्च प्लायवुडची असते आणि एकेका स्पीकरचं वजन ५५ किलोच्या आसपास भरतं. खालच्या कडा बोटाने दाबून बघा. तळघरात पाण्यात उभी राहिलेली पेटी खालून थर सोडते आणि बुडाचं झाकण फुगतं. इंच-दोन इंच सुटलेले थर चिकटवता येतात. वूफरच्या कप्प्यापर्यंत ओल पोचली असेल तर घेऊ नका.

गाडीत घालण्याआधी के-५५-व्ही ड्रायव्हर हॉर्नवरून फिरवून सोडवा आणि वेगळा गुंडाळा. तो जड असतो, आणि खड्ड्यांत त्याचा सगळा भार हॉर्नच्या घशावर येतो.

उघडणं

पहिलं काम फोटो काढण्याचं. क्रॉसओव्हरच्या पट्टीवरची प्रत्येक वायर कुठल्या स्क्रूखाली आहे, तिचा रंग कोणता, मिडरेंजचा आवाज कमी-जास्त करणाऱ्या ऑटोट्रान्सफॉर्मरच्या कुठल्या नंबरवर ती गेली आहे, हे जवळून आणि लांबून टिपा. मग वायरींना कागदी चिकटपट्टीचे शेंडे लावून नावं लिहा. दोन्ही स्पीकर एकदम उघडू नका. एक नमुना म्हणून तसाच राहू द्या.

वूफरला हात घालायचा तर पेटी जाड गोधडीवर आडवी करून मग उलटी ठेवा. दोन माणसं लागतात. बुडाच्या झाकणाला चारी कडांनी स्क्रू असतात. ते हाताच्या पेचकसाने सोडवा. पन्नास वर्षांचा स्क्रू ड्रिल मशीनने फिरवला की डोकं घासून जातं. झाकण चिकटून बसलं असेल तर पातळ पट्टीने चारी बाजूंनी थोडं थोडं उचला, एकाच ठिकाणी जोर लावला की प्लायचा वरचा थर उचकटतो. आत वूफरची पाठ दिसेल. तो काढताना लोहचुंबकाकडे लोखंडी पेचकस खेचला जातो आणि कोनला भोक पाडतो, म्हणून एक हात कायम मध्ये ठेवा.

के-३३-ईची कड घडीच्या कापडाची असते, फोमची नाही. म्हणून १९८०च्या दशकातल्या इतर स्पीकरांसारखी ती भुगा होऊन पडत नाही. कोनवर बुरशीचे ठिपके असतील तर कोरड्या मऊ ब्रशने झटका, पाणी किंवा स्पिरिट लावू नका. दोन्ही हातांची बोटं कोनवर समोरासमोर ठेवून हळूच आत दाबा. खरखर लागली तर कोनमागची तारेची कॉइल घासते आहे. खरखर अजिबात लागत नसेल तर वूफर परत बसवताना तो अर्धा फेरा फिरवून बसवा. इतकी वर्षं एकाच अंगाने लोंबल्यामुळे कोन किंचित खाली आलेला असतो, तो असा सावरतो.

मोजमाप

ड्रायव्हरची एक तरी वायर सोडवल्याशिवाय मोजू नका. ऑटोट्रान्सफॉर्मर मल्टीमीटरला जवळजवळ शॉर्ट दिसतो आणि चांगला ड्रायव्हर जळालेला वाटतो. वायर सोडवून मोजल्यावर वूफर साधारण साडेतीन ओहम दाखवेल, मिडरेंज १० ते १२ ओहम, ट्वीटर ५ ते ७ ओहम. आकडा नेमका किती यापेक्षा डाव्या-उजव्यातला फरक महत्त्वाचा. तो दहा टक्क्यांहून जास्त असेल तर एका ठिकाणी कॉइल बदललेली आहे किंवा जोड कच्चा आहे. वूफर साडेतीन ओहमचा दिसला म्हणून घाबरू नका, तो तसाच असतो. हॉर्नचा भार त्यावर आला की अँप्लिफायरला तो जास्त दिसतो.

ट्वीटर एकटा तपासताना त्याच्याशी २ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर जोडल्याशिवाय टोन देऊ नका. थेट जोडून खालचे स्वर दिले तर त्याचा नाजूक पडदा सेकंदात फाटतो.

हवाबंद कप्पा

वूफरच्या पाठीमागचा कप्पा पूर्ण बंद असावा लागतो. त्या कोंडलेल्या हवेची स्प्रिंग आणि समोरच्या हॉर्नचा भार एकमेकांना तोलून धरतात, अशा हिशोबाने त्याचा आकार ठरवलेला आहे. झाकणाभोवती सुईएवढी फट राहिली तरी ही स्प्रिंग सैल पडते. मग कोन विनाकारण जास्त हलतो, १०० हर्ट्झच्या खालचा आवाज विरळ होतो आणि ढोलक्यासारख्या ठोक्याला फुसफुस येते. "ला स्कालाला बेस नाही" ही तक्रार बरेचदा इथून सुरू होते.

जुनी गास्केट खरवडून काढा. झाकणाच्या कडेला ६ मिलिमीटर रुंद, ३ मिलिमीटर जाड बंद पेशींचा फोम टेप लावा, म्हणजे दरवाज्या-खिडक्यांच्या फटींना लावतात तो. स्पंजासारखा मऊ, हवा जाऊ देणारा फोम नको. कोपऱ्यावर टेपची टोकं समोरासमोर टेकवा, एकावर एक चढवू नका. वूफरची वायर जिथून कप्प्याबाहेर पडते ते भोक पुटीने बुजवा. हीच जागा सर्वांत जास्त राहून जाते. वूफरच्या कडेलाही पातळ फोमची गास्केट द्या आणि बोल्ट समोरासमोरच्या जोड्यांनी, थोडे थोडे आवळत जा. एकच बाजू आधी घट्ट केली तर वूफरची चौकट पिळवटते आणि कॉइल घासायला लागते. झाकणाचे स्क्रू भोकात फिरतच राहत असतील तर भोकात फेविकॉल लावून काडेपेटीच्या काड्या ठोका, रात्रभर वाळू द्या आणि मग नव्याने आवळा.

आता पेटी पाठीवर झोपवा, ५० हर्ट्झचा टोन हळू लावा आणि पेटवलेली उदबत्ती झाकणाच्या कडेने, वायरच्या भोकाजवळून आणि जोडांवरून सावकाश फिरवा. धुराची रेघ जिथे थरथरते तिथे गळती. दिवसा खिडकीच्या उजेडात, पंखा बंद ठेवून हे केलं की अगदी बारीक फटही सापडते.

क्रॉसओव्हर

टाइप एए लाकडी फळीवर बसवलेला असतो. २.५ मिलिहेन्रीची कॉइल वूफरसाठी, १३ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि टी२ए ऑटोट्रान्सफॉर्मर मिडरेंजसाठी, तर २ मायक्रोफॅरडचे दोन कपॅसिटर आणि २४५ मायक्रोहेन्रीची छोटी कॉइल ट्वीटरसाठी. शिवाय ट्वीटरच्या रक्षणासाठी दोन झेनर डायोड. कॉइल आणि ऑटोट्रान्सफॉर्मर सहसा बिघडत नाहीत, त्यांना हात लावू नका. वूफरच्या कॉइलच्या जागी बारीक तारेची नवी कॉइल घातली तर तिचा रोध वाढतो आणि बेस सैल होतो.

बिघडतात ते कपॅसिटर. मूळचे तेल भरलेले पत्र्याचे डबे असतात. अमेरिकेत पीसीबी या विषारी तेलाच्या उत्पादनावर १९७९ साली बंदी आली, त्याआधीच्या डब्यात ते असू शकतं. डबा फुगलेला किंवा तेलकट दिसला तर हातमोजे घाला, तो दोन पिशव्यांत बंद करा आणि घातक कचऱ्यात द्या. आत काय आहे ते बघायला कापू नका.

डबा कोरडा असला तरी तो चांगला आहे असं समजू नका. एलसीआर मीटरने (कपॅसिटर-कॉइल मोजणाऱ्या मीटरने) क्षमता आणि ईएसआर, म्हणजे कपॅसिटरचा आतला रोध, दोन्ही मोजा. क्षमता १३ च्या जवळ दाखवत असूनही ईएसआर चढलेला असेल, तर त्या रोधात मिडरेंजचा आणि ट्वीटरचा आवाज खर्ची पडतो. "कांबळं टाकल्यासारखा" आवाज म्हणतात तो हा. दोन बाजूंपैकी एका बाजूचे कपॅसिटर जास्त थकले असतील तर गायक मधून सरकून एका बाजूला जाऊन उभा राहतो. खोलीत दोष शोधण्याआधी हे तपासा.

नवे कपॅसिटर पॉलिप्रोपिलीनचे, ५ टक्क्यांच्या आतले, २५० व्होल्ट किंवा जास्तीचे घ्या. एका स्पीकरला १३ मायक्रोफॅरडचा एक आणि २ मायक्रोफॅरडचे दोन, जोडीला दुप्पट. इलेक्ट्रोलिटिक चालणार नाहीत. महाराष्ट्रात असाल तर हे काम स्वस्तात होतं. पंख्याचे आणि पंपाचे ४४० व्होल्टचे गोल कंडेन्सर पॉलिप्रोपिलीनचेच असतात आणि कारखान्यातले मूळ कपॅसिटरही मोटरच्याच जातीचे होते. पंपाचा १० आणि पंख्याचा ३.१५ समांतर जोडले की १३.१५ मायक्रोफॅरड होतात. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपासच्या दुकानांत सात-आठ नग एकदम घ्या, मीटरने मोजा आणि डाव्या-उजव्यासाठी जुळणारे निवडा. पंख्याच्या दुकानात २ चा नग हवा असताना अडीचचा पुढे केला जातो, तो घेऊ नका. त्याने ट्वीटर खालून लवकर सुरू होतो आणि नेमका तिथेच तो नाजूक आहे.

एकेक कपॅसिटर बदला. एक काढला, एक बसवला, फोटोशी ताडलं, मग पुढचा. सगळे एकदम काढले की वायरींचं जंगल होतं. पट्टीवरचे स्क्रू सोडून त्यांच्याखालचे डाग काचकागदाने घासा, कॉन्टॅक्ट क्लीनर मारा आणि पुन्हा आवळा. पन्नास वर्षांत सैल झालेले हे स्क्रू आवाज खातात.

ट्वीटर मुका आहे, पण सोडवून मोजल्यावर ६ ओहम दाखवतो, अशा वेळी झेनर डायोड बघा. शॉर्ट झालेले झेनर ट्वीटरचा आवाज गिळतात. एक टोक सोडवा. ट्वीटर वाजला तर दोष सापडला. झेनरशिवाय वाजवायचं ठरवलंत तर आवाजाची मर्यादा तुमची तुम्हाला पाळावी लागेल.

ऑटोट्रान्सफॉर्मरवर १ ते ५ नंबरचे टाके (टॅप) असतात, दोन टाक्यांमध्ये ३ डेसिबलचा फरक. मिडरेंज पुढे येतो असं वाटून पुष्कळ लोक वायर एक टाका खाली घेतात. त्याने आवाज ३ डेसिबल उतरतो हे खरं, पण कपॅसिटरला दिसणारा रोध दुप्पट होतो. मूळच्या टाक्यावर १६ ओहमचा ड्रायव्हर ३२ ओहमसारखा दिसतो आणि १३ मायक्रोफॅरडशी त्याचा मेळ साधारण ४०० हर्ट्झला बसतो. एक टाका खाली घेतल्यावर तोच मेळ २०० हर्ट्झला जातो. मग मिडरेंज आणि वूफर एकाच पट्ट्यात एकमेकांशी भांडतात आणि पुरुषी आवाज जाड होतात. टाका बदलायचाच असेल तर १३ च्या जागी साडेसहाच्या आसपासचा कपॅसिटर घाला. त्याआधी खोलीत सतरंजी आणि पडदे लावून महिनाभर ऐका. दहातल्या आठ वेळा टाका बदलावा लागत नाही.

धातूचा हॉर्न आणि ट्वीटर

के-४०० वर बोटाच्या पेराने टिचकी मारा. घंटेसारखा नाद निघतो, आणि सनईच्या किंवा वरच्या पट्टीतल्या बाईच्या आवाजात तो मिसळतो. गाडीच्या दारांना आतून लावतात ती २ मिलिमीटरची ब्युटाइल शीट तळहाताएवढ्या तुकड्यांत कापून हॉर्नच्या बाहेरच्या अंगाला चिकटवा. वरचा आणि खालचा सपाट भाग झाकला की पुरे. टिचकी "टक्क" अशी बसकी आली की थांबा. हॉर्नच्या आत काहीही लावायचं नाही. घशाशी ड्रायव्हर बसवताना गास्केट बघा, ती कडक झालेली असते. तशीच आवळली तर तिथून शिट्टीसारखी हवा जाते. ड्रायव्हर हातानेच, घट्ट लागेपर्यंत फिरवा, पान्हा लावू नका.

के-५५-व्हीचा पडदा फिनॉलिकचा असतो आणि तो सहसा दगा देत नाही. के-७७ मात्र काही वॅटमध्येच जळतो. त्याचे नवे पडदे मिळतात. बदलताना चुंबकाच्या खाचेतला कचरा दुमडलेल्या चिकटपट्टीने उचला, फुंकर मारू नका. पडदा सैल बसवून २ मायक्रोफॅरडमधून ८,००० हर्ट्झचा हळू टोन द्या, आवाज सर्वांत मोठा आणि स्वच्छ येईपर्यंत तो केसभर सरकवा आणि मग स्क्रू आवळा.

पेटी

सुटलेल्या थरांत सिरिंजने पातळ केलेला फेविकॉल भरा, दोन्ही बाजूंना प्लॅस्टिकचा कागद आणि लाकडी पट्टी लावून शिकंजात चोवीस तास दाबून ठेवा. मग १२०, १८० आणि २४० नंबरचा काचकागद, लाकडाच्या रेषेच्या दिशेनेच. कडा गोल करू नका. रंग उतरवून खालचा बर्च उघडा केला तर लाखेचं पॉलिश त्याला शोभतं, पण मुंबई-कोकणात ते पावसाळ्यात करू नका. दमट हवेत पॉलिशवर पांढुरका थर येतो. त्याच भागात स्पीकर भिंतीपासून चार बोटं पुढे आणि जमिनीपासून रबरी पायांवर ठेवा. वाळवीला प्लायवुड आवडतं आणि ती बुडाकडून येते.

बेस हॉर्नच्या बाजूच्या फळ्या मोठ्या आवाजात थरथरतात. हात ठेवला की कळतं. १९ मिलिमीटर प्लायची चार बोटं रुंद पट्टी मधल्या उंचीला, बाजूची फळी आणि मधला खण यांच्यामध्ये अडकवून बसवली की खालच्या-मधल्या पट्ट्यातला गोंगाट कमी होतो. पट्टी आडवी, सपाट बाजू वर करून बसवा, म्हणजे हॉर्नच्या वाटेत तिची फक्त जाडीच येते. चिकटवण्याआधी नुसती घट्ट ठोकून आठवडाभर ऐका. मूळ स्थितीतली पेटी पुढे विकायची असेल तर ती तशीच ठोकलेली राहू द्या.

अँप्लिफायर

तीन मीटरवर बसलात आणि दोन्ही स्पीकरना एक-एक वॅट दिला तर कानापाशी साधारण ९७ डेसिबल येतात. दशांश वॅटला ८७. म्हणजे २ए३ व्हॉल्व्हचा साडेतीन वॅटचा किंवा ३००बीचा आठ वॅटचा अँप्लिफायर भरपूर झाला. वॅटपेक्षा शांतता महत्त्वाची. अँप्लिफायरच्या आउटपुटवर एक मिलिव्होल्ट जरी गुणगुण असली तरी ला स्काला ती एका मीटरवर ३५ डेसिबलने ऐकवतो. रात्रीच्या खोलीत ती तानपुऱ्याच्या खाली सतत राहते. विकत घेण्याआधी इनपुट शॉर्ट करून आउटपुटवर मल्टीमीटर लावा. ०.३ मिलिव्होल्टच्या खाली असेल तर निश्चिंत व्हा.

दुसरी अडचण नॉबची. साध्या अँप्लिफायरवर आवाज आठ-नऊ वाजण्याच्या खुणेवरच पुरेसा होतो, आणि तिथे बहुतेक नॉब डावं-उजवं सारखं देत नाहीत. इनपुटला १० डेसिबलचा अॅटेन्युएटर (येणारा संकेत कमी करणारा) लावला की नॉब मधल्या पट्ट्यात येतो. व्हॉल्व्हच्या अँप्लिफायरवर ४ आणि ८ ओहम दोन्ही टोकं जोडून बघा, कोणतं चांगलं ते आधी सांगता येत नाही. अमेरिकेतून ११७ किंवा १२० व्होल्टचा अँप्लिफायर आणलात तर उतरवणारा ट्रान्सफॉर्मर लागेलच, शिवाय ६० हर्ट्झसाठी बांधलेला त्याचा ट्रान्सफॉर्मर आपल्या ५० हर्ट्झवर जास्त तापतो. तासाभराने त्यावर हात ठेवून बघा.

खोली आणि ऐकणं

ला स्कालाला कोपरा सक्तीचा नाही, पण कोपऱ्याजवळ ठेवला की खालच्या स्वरांना आधार मिळतो. स्पीकर अडीच-तीन मीटर अंतरावर, आणि आत इतके वळवलेले की त्यांच्या रेषा तुमच्या थोड्या पुढे एकमेकींना छेदतील. हे वळण जास्त वाटतं, पण अशाने सोफ्याच्या टोकाला बसलेल्यालाही गायक मध्येच ऐकू येतो. तीन मीटरपेक्षा जवळ बसलात तर तिन्ही हॉर्न वेगवेगळे ऐकू येतात.

मिडरेंज हॉर्न जमिनीपासून पाऊण मीटरच्या आसपास असतो. गादी-लोडाच्या बैठकीत बसणाऱ्याचे कानही तिथेच येतात, त्यामुळे या स्पीकरसमोर खाली बसून ऐकणं सर्वांत बरोबर. खुर्चीत बसायचं असेल तर पुढच्या पायांखाली दीड-दोन सेंटिमीटरचे ठोकळे देऊन स्पीकर किंचित मागे कलवा. व्हिट्रिफाइड टाइल, काचेच्या खिडक्या आणि रिकाम्या भिंती असलेल्या खोलीत कुठलाही हॉर्न कर्कश वाटतो. आधी स्पीकर आणि बैठक यांच्यामध्ये जाड सतरंजी, मग समोरच्या भिंतीवर पडदा, मग बाजूला पुस्तकांची मांडणी. एकेक गोष्ट वाढवत ऐका.

या स्पीकरवर सर्वांत जास्त आनंद मिळतो तो अचानक उसळणाऱ्या आवाजांचा: तबल्याची टिपेची चाट, पखवाजाची थाप, तार सप्तकात फेकलेली भीमसेन जोशींची तान. साध्या स्पीकरवर हे शिखर दाबलं जातं, इथे ते पूर्ण उंचीचं येतं. नाट्यसंगीताच्या जुन्या मोनो तबकड्या एकाच स्पीकरवर, बॅलन्स एका बाजूला करून ऐकून बघा. खरखर वाढलेली वाटेल, पण आवाजाची ठेवण स्पष्ट होते. ५०-६० हर्ट्झच्या खाली ला स्काला झपाट्याने उतरतो. बायाचा घुमारा त्याच्या वरच असतो, म्हणून शास्त्रीय संगीतात काही उणं वाटत नाही. सिनेमे किंवा इलेक्ट्रॉनिक संगीत ऐकायचं असेल तर ६० हर्ट्झखाली एक सबवूफर जोडा. त्याला विलंब देण्याची सोय असेल तर ठोके जुळेपर्यंत तो बदलत राहा.

हॉर्नचा आवाज स्वच्छ असतो, त्यामुळे तो किती मोठा झाला आहे ते कानाला कळत नाही. मोबाइलवरच्या मीटरने पहिल्या आठवड्यात एकदा तरी मोजा. ८५ डेसिबल सतत असेल तर आठ तासांची मर्यादा आहे, आणि त्याहून प्रत्येक ३ डेसिबलला ती निम्मी होते.